प्रश्न बदलला की दारिद्र्य घटले?

कौटुंबिक उपभोगखर्चाच्या 2022-23 च्या पाहणीचे निष्कर्ष फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाले आणि दारिद्र्य किती घटले, यावरून राजधानीत पुन्हा आकड्यांची लढाई जुंपली. 2011-12 मध्ये पाहणी कर्मचारी घरी एकदाच जात; या खेपेला ते तीनदा गेले. प्रश्नावलीही बदलली होती. मग फरक जीवनमानातला किती आणि मोजमापातला किती?

हा वाद नवा नाही. 1993-94 मध्ये सुमारे 36 टक्के असलेले दारिद्र्य 1999-2000 मध्ये 26.1 टक्क्यांवर आल्याचे सरकारने सांगितले, तेव्हा आर्थिक सुधारणांच्या समर्थकांच्या हाती जणू ब्रह्मास्त्रच आले. पाहणी सव्वा लाखाच्या आसपास कुटुंबांची होती. एवढ्या मोठ्या नमुन्यात दहा टक्क्यांचा फरक योगायोगाने पडत नाही. कोणतीही सांख्यिकी चाचणी त्याला ‘सार्थक’च ठरवील. परंतु चाचणी एवढेच सांगते की, फरक मुळात नसता तर नमुन्याच्या निवडीमुळे तो दिसण्याची शक्यता किती. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता का, हे ती विचारीत नाही.

तो एकच नव्हता. 1993-94 मध्ये अन्नखर्च तीस दिवसांचा विचारला जाई. 1999-2000 मध्ये तीस आणि सात दिवसांचा असे दोन्ही आकडे एकाच भेटीत, शेजारशेजारच्या रकान्यांत मागितले गेले. एक उत्तर दुसऱ्याशी जुळविण्याचा मोह स्वाभाविक होता. मासिक आकडा त्यामुळे फुगला आणि गरीब कागदावर कमी झाले, असा अँगस डीटन यांच्यासह अनेक अर्थतज्ज्ञांचा आक्षेप होता. डीटन यांच्या दुरुस्त अंदाजानुसार ग्रामीण दारिद्र्य 27 नव्हे, तर 30 टक्क्यांच्या घरात होते. घट खरीच होती, दाव्याइतकी नव्हती.

चाचणीच्या निवडीचा धडा येथेच आहे. मधल्या काळातील छोट्या फेऱ्यांत कुटुंबांचे यदृच्छेने दोन गट करून प्रत्येक गटाला एकच प्रश्नावली दिली होती. गट स्वतंत्र असल्याने तेथे दोन स्वतंत्र नमुन्यांची चाचणी योग्य. सरासरी खर्चासाठी टी-चाचणी, तर गरिबांच्या प्रमाणासाठी प्रमाणांची किंवा काय-वर्ग चाचणी. नव्या प्रश्नावलीने दारिद्र्य जवळपास निम्मे दिसले. 1999-2000 मध्ये मात्र दोन्ही आकडे त्याच कुटुंबाचे. तेथे जोडीची चाचणी लागते. तीत फरक किरकोळ निघाला, तरी पद्धतीचा परिणाम नाही असे सिद्ध होत नाही. उत्तरेच एकमेकांना बिलगलेली असतात. शिवाय पाहणीत आधी गावे आणि मग त्यांतील घरे निवडली जातात. एका गावातली घरे बरीचशी सारखी असल्याने साधे सूत्र त्रुटी कमी दाखवते.

‘पाच टक्के पातळीवर सार्थक’ याचा अर्थ दारिद्र्य घटल्याची खात्री 95 टक्के, असा होत नाही. फरक लहान की मोठा, हेही त्यातून कळत नाही. नमुना लाखांचा असला की नगण्य फरकही सार्थक ठरतो. दारिद्र्याच्या आकड्यावर योजनांचा पैसा आणि लाभार्थींच्या याद्या ठरत आल्या आहेत. फाइलवर शेरा मारण्यापूर्वी अधिकाऱ्याने म्हणूनच आधी प्रश्नावली उघडावी, चाचणीचा निकाल नंतर वाचावा. मोजपट्टीच बदलली असेल, तर उंची वाढल्याचा आनंद थोडा थांबलेलाच बरा.