ट्यूबलाइट कुठल्या पट्टीत गाते?

वजनदार चोकची, पत्र्याच्या पट्टीवर बसवलेली जुनी ट्यूबलाइट घरात अजून टिकून असेल, तर रात्री टीव्ही बंद झाल्यावर तिच्याखाली पेटी घेऊन बसा. खर्जातली पांढरी पाच दाबा. ट्यूबची घूंऽऽ त्या स्वराच्या किंचित वर सापडेल, काळी चारपर्यंत मात्र पोचणार नाही. सेकंदाला १०० कंपनांचा हा सूर आहे, आणि तो तुमच्या घरात ठरत नाही.

गाते ती नळी नव्हे, चोक. नळीतला वायू एकदा पेटला की प्रवाह वाढेल तसा त्याचा विरोध घटत जातो. मोकळे सोडले तर ट्यूब स्वतःलाच जाळून घेईल. तिला लगाम घालतो चोक: पातळ लोखंडी पत्र्यांची चळत आणि भोवती तांब्याच्या तारेचे वेढे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. प्रत्येक आवर्तनात लोखंडाचे चुंबकत्व दोनदा भरते, दोनदा ओसरते, आणि दर वेळी पत्रे एकमेकांना खेचून सोडतात. दिशा उलटली तरी ओढ तीच, म्हणून ५० नव्हे, १००.

शिवाय चुंबकत्व आले की लोखंडाची लांबीच बदलते! १८४२ मध्ये हे दाखवून दिले जेम्स जूल यांनी. ऊर्जेच्या एककाला ज्यांचे नाव आहे तेच हे, घरचा धंदा बिअर गाळण्याचा. हा बदल दहा लाखांत काही भाग इतकाच असतो. चोकच्या बाबतीत तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्याशा हालचालीचा आवाज खोलीभर होतो, कारण खालची पत्र्याची पट्टी तबल्याच्या पुडीसारखी थरथरते.

आता हा ठेका धरतो कोण? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली जनित्रे मिनिटाला ३,००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. कोयनेची जनित्रे हळू फिरतात, पण त्यांचे चुंबकीय ध्रुव जास्त असल्याने हिशोब तिथेच येतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, आणि राष्ट्रीय ग्रिडवरची सगळी जनित्रे एका तालात आली. तेव्हापासून सोलापूरचा चोक आणि कोचीचा चोक एकाच पट्टीत घुमतात. देशात मागणी एकदम वाढली की ही पट्टी कणभर उतरते, भार हटला की चढते. कानाला ते कळत नाही, यंत्राला कळते. लंडनचे पोलीस विजेच्या या चढउताराची नोंद सतत ठेवतात. ध्वनिमुद्रणात मागे घुमणारा आवाज त्या नोंदीशी ताडून मुद्रण कधीचे, मध्येच कापलेले आहे का, हे तपासता येते.

हे सगळे खरे, पण झोप लागत नसेल तर ग्रिडचे कौतुक कोणाला! ट्यूब चालू असताना कोरड्या लाकडी काठीने पट्टी हलकेच दाबून पाहा. आवाज बसला तर दोष ढिलाईचा. मग मेन स्विच बंद करा. नुसते भिंतीवरचे बटण पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये ते कधी कधी न्यूट्रलवर असते. चोकचे आणि पट्टीचे स्क्रू आवळा, पट्टी भिंतीला टेकते तिथे रबराचे वॉशर घाला. चोक चांगलाच तापतो, म्हणून रबर त्याच्या अंगाला लावू नका. दाबूनही घुमत राहिला तर पत्र्यांना धरून ठेवणारे आतले वॉर्निश सुकले आहे असे समजा, आणि चोक बदला. चरचर किंवा तडतड ऐकू आली तर गोष्ट वेगळी: कुठेतरी ठिणगी पडते आहे, वायरमनला बोलवा.

इलेक्ट्रॉनिक चोक बसवलात तर स्टार्टर काढून टाकता येतो. तोही प्रवाह उलटसुलट करतोच, पण सेकंदाला २०,००० हून अधिक वेळा. आपले कान साधारण तिथेच थांबतात. घरातल्या मांजराचे कान त्याच्या बरेच पुढे जातात, तेव्हा तक्रार आलीच तर त्याच्याकडून येईल.