नावाचे मोल पारखताना

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो नौकासेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबईकरांची मोटार थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याला आता दुकानाच्या पाटीइतकेच संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, महत्त्वाचे झाले आहे. चांगले नाव बहुधा कोणीतरी आधीच नोंदवलेले असते आणि तो सांगेल ती किंमत मागतो. मागितलेली किंमत म्हणजे मोल नव्हे.

डोमेन ही कायमची मिळकत नसून मुदतीचा हक्क आहे. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची होते. नूतनीकरण राहिले तर नाव हातचे जाते.

पहिली पारख उच्चाराची. ऐकलेले नाव ग्राहकाला बिनचूक लिहिता यावे. 'अलिबाग' रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते. एकच रूप घेतले तर काही ग्राहक दुसऱ्याच दारी जातात. त्यामुळे दोन्ही रूपे मिळत असतील तरच पूर्ण दाम द्यावा. 'मुरूड' तर रायगडात आहे, दापोलीजवळ आहे आणि लातूर जिल्ह्यातही आहे. निवासगृहाच्या मालकाला नुसत्या 'मुरूड'पेक्षा लांबलचक 'मुरूड-जंजिरा' अधिक उपयोगी.

दुसरी पारख गिऱ्हाइकाची. 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला विकले गेले. पण तो शब्द जगभर चालणारा होता. गावाच्या नावाला गिऱ्हाईक मोजकेच असते. म्हणून तुलना तशाच नावांच्या प्रत्यक्ष झालेल्या विक्रीशी करावी. एकाच नावाच्या 'डॉट कॉम'ला सहसा 'डॉट इन'पेक्षा अधिक भाव येतो, हेही ध्यानी असावे.

तिसरी पारख सचोटीची. दुसऱ्या पेढीच्या नावलौकिकावर बेतलेले डोमेन स्वस्तात मिळाले तरी महागच. सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेनलाही व्यापारी नावासारखे संरक्षण दिले. 'डॉट इन'च्या तंट्यांसाठी स्वतंत्र लवादव्यवस्था आहे आणि तिच्या निवाड्याने नाव मूळ धन्याकडे जाऊ शकते.

शेवटी हिशोब साधा आहे. पर्यायी, साध्या नावाने जेवढा धंदा होईल, त्याहून या नावाने वर्षाकाठी किती जादा नफा पदरी पडेल? तो आकडा आणि नाव वापरण्याची वर्षे यांच्या गुणाकारातून नूतनीकरणाचा खर्च वजा करावा. उरेल ती आपली कमाल बोली. ती बोलणीला बसण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावी आणि समोरचा कितीही घाई करो, तिच्या पुढे जाऊ नये.