कपडे मशीनमध्ये, ग्लास हातात

सोलापूरकरांनो, सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉल्सम स्ट्रीटवर १९८९ ते २०१७ ‘ब्रेनवॉश’ नावाची एक भन्नाट जागा होती. एकीकडे कपडे धुवायची मशीनं, दुसरीकडे खाणं, बिअर, आणि संध्याकाळी गाणी नाहीतर विनोदाचे कार्यक्रम!

तिकडे भाड्याच्या छोट्या घरांत अनेकांकडे मशीन नसतं. कपडे धुऊन-वाळून व्हायला तास-दीड तास जातो, मग लोक तिथेच रमायचे. भाड्याच्या मशीनवर धुण्याची पहिली लाँड्री टेक्सासच्या फोर्ट वर्थमधली मानली जाते, १९३४ सालची, चार मशीनची.

आपल्याकडे परमिट रूमला लायसन्स लागतं, पिणाऱ्यालाही परवाना. याचं मूळ १९४९ च्या दारूबंदी कायद्यात. त्यामुळे हुबेहूब तसं इथे करणं सोपं नाही. पण लाँड्री आणि खाण्याची बिनदारूची जोडी सोलापुरात नक्की चालेल, असं मला मनापासून वाटतं. भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेली आपली जाड चादर घरच्या मशीनमध्ये भिजली की उचलवत नाही. मोठी मशीनं लावा, शेजारी चहा, कडक भाकरी अन् शेंगाचटणी ठेवा. खोली घेऊन शिकणारी पोरं-पोरी तर पहिल्या दिवसापासून येतील.