दहा मिनिटं

रक्तात कॅल्शियम वाढलं म्हणून ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर धोका तेच कॅल्शियम घसरण्याचा! एका सर्जनकडून हे ऐकलं तेव्हापासून ते जवळून बघायचं होतं. म्हणून पुण्यातल्या एका सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरांबरोबर बसले.

कॉटवर दौंडकडच्या काकू, गळ्याला लहानशी पट्टी. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतली एक फुगून काकूंच्या हाडांतलं कॅल्शियम वर्षानुवर्षं रक्तात ओतत होती. ती काढली, तिच्या संप्रेरकाचा अंमल काही मिनिटांत उतरला. उरलेल्या तिघी इतकी वर्षं निजलेल्या, आणि उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढू लागलेली. आपल्याकडे हा आजार बऱ्याचदा हाडं पोखरल्यावरच उघडकीला येतो, त्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची वानवा. म्हणून ही भूकही मोठी.

‘‘काकू, ओठांभोवती मुंग्या येतायत? बोटांत?’’ सिस्टर पुन्हापुन्हा येऊन हेच विचारायच्या. मग कानापुढे गालावर हलकी टिचकी. ओठाचा कोपरा उडतो का बघायचं. व्हिएन्नात शिकलेल्या ख्वोस्टेक नावाच्या डॉक्टरने १८७६ साली नोंदवलेली ही खूण. काही धडधाकट माणसांचाही ओठ उडतो, म्हणून काकूंना ऑपरेशनआधीच टिचकी मारून बघितलेलं होतं.

पहाटे काकू म्हणाल्या, ‘‘बोटं वळायला लागली गं.’’ रिपोर्ट आला, ७.१. साडेआठच्या खाली जायला नको असतं. डॉक्टर धावत आल्या, कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू झालं. ‘‘दहा मिनिटं,’’ सिस्टर मला म्हणाल्या, ‘‘घाई केली तर ठोके मंदावतात.’’ शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. ती दहा मिनिटं त्यांचं बोट सुईपाशी होतं आणि नजर मॉनिटरवर. एवढं करून १० मिलीच्या अँप्यूलमध्ये निव्वळ कॅल्शियम जेमतेम ९३ मिलिग्रॅम! पुढे ड्रिप, गोळ्या, कॅल्सिट्रिऑल. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरावं लागतं, नाहीतर कॅल्शियम चढता चढत नाही.

कौतुक होतं ते गळ्यावरच्या कामाचं. पण पातळी तळ गाठते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि नेमकी तेव्हाच बिल वाढतं, खाट हवी असते, घरी जायची घाई होते. हाडं झिजलेल्या पेशंटच्या बाबतीत ही घाई मला साफ चुकीची वाटते. टिचकी मारणारं, दहा मिनिटं सुईपाशी थांबणारं माणूस घरी कुठून आणायचं?

सकाळी काकूंच्या मुलाने डिस्चार्जचं विचारलंच. ‘‘आज नाही,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘आणि सोडल्यावरसुद्धा गोळ्या जेवणाबरोबर द्यायच्या. मुंग्या आल्या की लगेच फोन, बोटं वळली तर थेट इकडे.’’

‘‘किती दिवस चालणार हे?’’

‘‘कुणाला आठवडे लागतात, कुणाला महिने. रक्ताच्या तपासणीची तारीख मात्र चुकवू नका, दादा.’’