आगगाडीच्या आधीचा बाजार: खामगावचे कापूस व्यापारी

अमेरिकेच्या दक्षिण भागातली कित्येक गावे रेल्वेने जन्माला घातली. अटलांटासारखे शहर 1837 मध्ये रूळ जिथे संपणार होते त्या जागेभोवती उभे राहिले. दुकानदार, दलाल, लोहार तिथे मागाहून आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे नेमके उलटे झाले. इथे व्यापारी आधी आले, बाजार आधी भरला आणि पन्नास वर्षांनी रेल्वेला त्या बाजारासाठी वेगळा फाटा काढावा लागला.

1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी खामगावात दुकाने थाटली. विकायला तूप, सूत आणि थोडासा कापूस, एवढाच पसारा होता. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. इथला कापूस बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. वाट शेकडो मैलांची, बोजे उघडे, वाटेत धूळ आणि अवकाळी पाऊस. हैदराबादच्या विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकार बंधूंनी हा ओघ मुंबईकडे वळवला. 1825-26 मध्ये त्यांनी 500 बैलांवर कापूस लादून मुंबईला धाडला. वऱ्हाडच्या कापसाचा जगाशी थेट व्यवहार इथून सुरू झाला असे मानायला हरकत नाही.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले आणि आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडची बंदरे रोखली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईचे भाव आकाशाला भिडले. वऱ्हाडातली काळी जमीन एकाएकी मँचेस्टरच्या नजरेत भरली. युद्ध 1865 मध्ये संपले, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. रेल्वेचे काम मात्र थांबले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पुढे सरकत फेब्रुवारी 1867 मध्ये नागपूरला पोहोचला.

या मार्गावर खामगाव नव्हते. वऱ्हाडातली कापसाची एवढी मोठी पेठ जलंबच्या दक्षिणेला 8 मैलांवर राहिली होती. बंड्यांनी माल जलंबला न्यायचा, उतरवायचा, पुन्हा वाघिणीत भरायचा, हा व्याप व्यापाऱ्यांना परवडणारा नव्हता आणि सरकारलाही. शेवटी सरकारने स्वतःच्या खर्चाने जलंब–खामगाव फाटा बांधला. मार्च 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने 8 मैलांच्या रुळांसाठी इतक्या दूर यावे, यावरून या पेठेचे वजन कळते. सुएझचा कालवा नोव्हेंबर 1869 मध्येच खुला झाला होता, तारायंत्रही आले होते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तार करावी आणि सुमारे सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस तिथल्या धक्क्यावर उतरावा, हे आता शक्य झाले.

बाजार चालवणारी माणसे नाना ठिकाणची होती. अडत आणि सावकारी बरीचशी मारवाडी पेढ्यांकडे. पेरणीला पैसे देणारा आणि पीक घेणारा पुष्कळदा एकच. खरेदीदारांत मुंबईकर व्यापाऱ्यांचे गुमास्ते, आणि पुढे विंटरथूरच्या फोलकार्ट ब्रदर्ससारख्या युरोपीय कंपन्याही. त्यांच्याखाली दलाल, मापारी, हमाल, बंडीवाले, सरकीचे व्यापारी. सरकी काढायला पूर्वी घरोघरी हाताचे रेचे असत. जिनिंगचे कारखाने आल्यावर ते काम वाफेवर गेले. सैल रुई वाघिणीत फार जागा खाते, म्हणून प्रेसमध्ये दाबून 392 पौंडांची घट्ट गाठ बांधायची. मुंबईच्या बाजारात गाठीचे हेच माप धरले जाई. प्रतीचा झगडा जुनाच होता: बनी कापसाचा धागा लांब आणि सुंदर, पण जडी भरघोस पिकायची. शेतकऱ्याने जडी निवडली, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

भाव ठरायचा रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. बंडीवर बसलेल्या शेतकऱ्याला शेवटचा आकडा तेवढा कळे. वर धर्मादाय, कटती, मापाई असे एकेक वजा होत जाई. या गोंधळाला आवर घालायला 1897 मध्ये ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ आला. दलाल आणि मापाऱ्यांना परवाने, बाजारावर समिती, वजावटीला बंधन. शेतमालाच्या बाजारासाठी देशात झालेला अशा धर्तीचा हा पहिला कायदा. समितीवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा असल्याने शेतकऱ्याला त्याचा लाभ अर्धाच झाला. तरी आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची पाळेमुळे तिथपर्यंत जातात.

रेल्वेकाठच्या गावांतले कारागीर आणि दुकानदार सरकारी कागदांत नावानिशी क्वचितच भेटतात. शेगावचे भेटतात, पण पोथीत! 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज शेगावी प्रथम दिसले आणि त्यांना घरी नेणारे बंकटलाल अग्रवाल हे व्यापारी घराण्यातले. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’मध्ये चिलमीसाठी विस्तव नाकारणारा जानकीराम सोनार आहे, पीतांबर शिंपीही आहे. भक्तीचा ग्रंथ असला तरी एका छोट्या बाजारगावाची वस्ती त्यातून सहज डोळ्यांपुढे येते.

कापसाच्या या भरभराटीची किंमत विणकरांनी मोजली. गाठी ज्या रुळांवरून गेल्या त्याच रुळांवरून विलायती कापड आले. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांना तर हे हवेच होते: स्वस्त कापडाने माग थांबावेत आणि ते हात शेतीकडे वळावेत. मेहकरची धोतरे नावाजलेली होती. असल्या गावांतला धंदा विरत गेला.

1901 च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या 18,341 भरली. तोवर हे गाव अकोला जिल्ह्यात होते. 1905 मध्ये ते बुलढाण्यात आले. पुढे चांदीच्या कामासाठी त्याला रजतनगरी म्हणू लागले. जलंबहून येणारा फाटा मात्र आजही खामगावातच संपतो. तो जालन्यापर्यंत नेण्याची मागणी कित्येक दशकांची आहे आणि अजून पुरी झालेली नाही.