केकच्या पलीकडचा, मराठीतला नाताळ

एक कबुली देऊन सुरुवात करते. मागच्या वर्षी कॉलेजच्या कँटीनमध्ये मी वर्गातल्या एका मैत्रिणीला म्हणाले, "तू ख्रिश्चन आहेस ना? मग तुझं मराठी इतकं भारी कसं?" मला वाटलं, आपण कौतुक करतोय. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "कारण मी मराठी आहे." विषय तिथेच संपला, पण माझ्या डोक्यातून काही जाईना.

तुम्ही हसाल, पण जरा आठवून बघा. ख्रिश्चन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गोवा, वांद्रे, सिनेमातले 'मॅन' म्हणणारे अंकल आणि प्लम केक. नगर, नाशिक, जालना, कोल्हापूर, सोलापूर, पुणे इथे पिढ्यान् पिढ्या मराठीत प्रार्थना करणारी, मराठीत भांडणारी आणि नाताळला करंज्या-चकल्या तळणारी माणसं आपल्या यादीतच नसतात. यंदा मात्र तिनेच बोलावलं. "आमच्या चर्चमध्ये कॅरलची प्रॅक्टिस सुरू झालीय. येतेस?" मी गेले. हा लेख म्हणजे तिथे जे ऐकलं-पाहिलं ते, आणि या समाजात सध्या काय चाललंय, पुढे काय येतंय त्याची खबरबात.

पेटी, तबला आणि गिटार

पहिला धक्का दारातच बसला. आत पेटी आणि तबला होता, शेजारी गिटार. माझ्या डोक्यात 'जिंगल बेल्स' होतं, आणि समोर चक्क भजन चाललं होतं. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये 'उपासना संगीत' नावाचा गीतसंग्रह वापरतात. त्यात इंग्रजी चालींवरची गाणी आहेत, तशीच अस्सल देशी चालींचीही. या देशी बाजाचं मोठं श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना जातं. हो, तेच 'फुलामुलांचे कवी', आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांची वाट सोडली नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांत आणि भजनांत आणली.

आणखी एक शब्द तिथे नव्याने कळला. चर्चच्या सभासदांना मराठीत 'मंडळी' म्हणतात. म्हणजे 'अमुक गावची मंडळी' म्हणजे त्या गावचं चर्च. इमारत नव्हे, माणसं. भेटल्यावर 'नमस्कार' नाही, 'सलाम'. मैत्रिणीच्या आजीने मला "सलाम बाळा" म्हटलं, तेव्हा क्षणभर उत्तर काय द्यायचं तेच सुचेना. उत्तर सोपं आहे. आपणही 'सलाम' म्हणायचं.

आणि मग ती गोष्ट दिसली, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. गाणाऱ्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांच्या हातात पुस्तक नव्हतं, मोबाइल होता. त्यावर मराठी गाणं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. बहुतेक जण इंग्रजी मीडियमचे. देवनागरी वाचता येते, पण गाण्याच्या वेगात नाही. आजीच्या हातात मात्र जुनं पुस्तक होतं, कोपरे झिजलेलं, आणि तिला ते उघडायचीही गरज पडत नव्हती. मैत्रीण हळूच म्हणाली, "आमच्या पोरांना इंग्लिश सर्व्हिस जास्त कूल वाटते. अजून थोड्या वर्षांनी हे कोण गाणार?"

आता प्रामाणिकपणे सांगा, हा प्रश्न फक्त त्यांचा आहे का? आपल्या ग्रुपवर आपण तरी मराठी कुठल्या लिपीत टाइप करतो?

शनिवारी वाढदिवस, रविवारी नवं वर्ष

तारखांकडे वळूया, कारण या आठवड्यात दोन मोठे दिवस लागून आलेत.

येत्या शनिवारी, २९ नोव्हेंबरला, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय ५५ वर्षांची होतेय. नावात 'नॉर्थ' असलं तरी जन्म आपल्या नागपूरचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रल इथे सहा वेगवेगळ्या चर्च-परंपरा एकत्र आल्या. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा पंथांनी आपापल्या पाट्या उतरवून एक पाटी लावली. ब्रीद ठरलं ऐक्य, साक्ष आणि सेवा. आज मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा, नागपूर असे तिचे धर्मप्रांत आहेत आणि प्रत्येकाला एक बिशप.

बिशपवरून आठवलं. परदेशी बातम्यांत तुम्ही 'एपिस्कोपल चर्च' हे नाव वाचलं असेल. 'एपिस्कोपोस' म्हणजे ग्रीकमध्ये देखरेख करणारा, आपल्या भाषेत बिशप. अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हा तिथल्या अँग्लिकन लोकांची पंचाईत झाली. बिशप व्हायला इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागायची. मग सॅम्युअल सीबरी १७८४ मध्ये थेट स्कॉटलंडला, ॲबर्डीनला गेले आणि तिथून बिशप होऊन परतले. आपली सीएनआय आणि अमेरिकेचं एपिस्कोपल चर्च ही दोघंही जगभरच्या अँग्लिकन कुटुंबात येतात. चुलत भावंडं म्हणा ना.

शनिवारच्या वाढदिवसानंतर लगेच रविवारी, ३० नोव्हेंबरला, चर्चचं नवं वर्ष सुरू होतं. चर्चचं कॅलेंडर जानेवारीत नाही, आगमनकाळात म्हणजे ॲडव्हेंटमध्ये उघडतं. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. सहसा तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी लागते, कारण तो आनंदाचा. म्हणजे नाताळ हा एका रात्रीचा इव्हेंट नाही, चार आठवड्यांची वाट पाहणं आहे.

बातमीत बायका

यंदाची सगळ्यात मोठी बातमी ऑक्टोबरमध्ये आली. सारा मुलाली यांची कँटरबरीच्या १०६व्या आर्चबिशप म्हणून निवड झाली. या पदावरच्या त्या पहिल्या महिला. त्याहून भारी गोष्ट म्हणजे त्या आधी नर्स होत्या आणि इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी पदापर्यंत पोहोचल्या होत्या. मार्चमध्ये त्यांचा पदग्रहण सोहळा आहे.

पण 'इंग्लंडने करून दाखवलं' असं म्हणण्याआधी थांबा. अँग्लिकन जगातली पहिली महिला बिशप अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चची. १९८९ मध्ये बार्बरा हॅरिस मॅसॅच्युसेट्समध्ये बिशप झाल्या, आणि त्या कृष्णवर्णीय होत्या. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना आंध्रातल्या नंद्यालच्या बिशप केलं. चर्च ऑफ इंग्लंडला पहिली महिला बिशप मिळाली २०१५ मध्ये. म्हणजे या बाबतीत आपण इंग्लंडच्या पुढे होतो! सीएनआयमध्येही २०२४ मध्ये ओडिशातल्या फुलबनीला व्हायलेट नायक बिशप झाल्या.

आणि या यादीच्या कितीतरी आधी उभी आहे आपली पंडिता रमाबाई. शाळेत आपण त्यांच्याबद्दल चार ओळी वाचल्या आणि परीक्षेनंतर विसरलो. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे मिशनरी सांगतील ते सगळं मान्य, असं त्यांनी कधी केलं नाही. विधवांसाठी शारदा सदन, केडगावला मुक्ती मिशन, आणि हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, एवढं सगळं एका बाईने केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चच्या कॅलेंडरमध्ये ५ एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे, आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये ३० एप्रिल. अमेरिकेतल्या एखाद्या गावात रमाबाईंसाठी प्रार्थना होते आणि आपल्याला त्यांची तारीख माहीत नसते. येत्या वर्षी ५ एप्रिललाच ईस्टर आहे, तेव्हा आता विसरायला कारण नाही.

रोजच्या रस्त्यावरचं चर्च

हे सगळं दूर कुठे नाही. तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे.

मुंबईकरांनो, तुम्ही चर्चगेट लोकल पकडता. त्यातलं 'चर्च' कोणतं? फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ च्या नाताळला ते उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाज्यातून चर्चकडे जायचे, तो चर्चगेट. किल्ला पाडला, दरवाजा गेला, स्टेशनला नाव राहिलं.

नाशिककरांनो, शरणपूर रोडवर सेल्फी काढता, पण 'शरणपूर' हे नाव मिशनच्या ख्रिस्ती वसाहतीचं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली आणि शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या सोबत होता आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन लंडनला गेला. नाशिकच्या शाळेतला विद्यार्थी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला!

आणि पुणेकरांनो, गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चचा उंच घंटा-मनोरा तुम्ही गाडीवरून जाता-येता पाहिला असेल. १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी चहाला कोण कोण होतं ती नावं जाहीर केली आणि पुण्यात गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका चहापायी! हे वाचलं आणि मला माझाच कँटीनमधला चहा आठवला. आपण एका टेबलावर बसून चहा पितो, यात काही शंका नाही. पण समोरचीला 'तू आमच्यातली कशी?' हे विचारायचं आपण अजून सोडलेलं नाही.

डायरीत नोंदवून ठेवा

३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर: आगमनकाळाचे चार रविवार. याच दिवसांत रात्री घरोघरी कॅरल राउंड निघतात. ढोलकी ऐकू आली तर गच्चीत या.

२४ डिसेंबर: बऱ्याच चर्चमध्ये मध्यरात्रीची उपासना. मराठी आणि इंग्रजी उपासनेच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून आधी नोटीस बोर्ड बघा.

३१ डिसेंबर: पार्टीला जाण्याआधी एक पर्याय. सरत्या वर्षाचे आभार मानत रात्री बाराला संपणारी वॉचनाइट उपासना.

१८ फेब्रुवारी: राखेचा बुधवार. इथून उपवासकाळ सुरू.

२९ मार्च: झावळ्यांचा रविवार.

३ एप्रिल: उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन. कृपया 'हॅपी गुड फ्रायडे' असा मेसेज टाकू नका. तो दुःखाचा दिवस आहे.

५ एप्रिल: ईस्टर, आणि रमाबाईंचा स्मृतिदिन.

पहिल्यांदा जाताय?

मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा. फोन सायलेंटवर, आणि प्रार्थना चालू असताना रील नको. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस देतात, ते मंडळीतल्या लोकांसाठी असतं. आपण जागेवर बसून राहिलो तर कोणी वाईट मानत नाही. दानाची थैली फिरते, तिथेही सक्ती नाही. आणि कोणाला 'तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात?' हा प्रश्न तर मुळीच नको. समोरच्याच्या पाच पिढ्या त्या बाकावर बसलेल्या असू शकतात.

त्या संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर एका मुलाला एक ओळ जमत नव्हती. मोबाइलवरच्या इंग्रजी अक्षरांत 'त' की 'ट', 'न' की 'ण' हेच कळत नव्हतं. मैत्रिणीने मला ढकललं, "तू मराठीवाली ना, सांग त्याला." मी आजीचं पुस्तक घेतलं आणि ओळ वाचून दाखवली. त्याने ती तीनदा घोकली आणि मग सुरात म्हटली. आजी नुसती हसली.

आता ठरलंय. येत्या रविवारपासून प्रॅक्टिसच्या आधी अर्धा तास आम्ही तिघी-चौघी सगळी गाणी देवनागरीत टाइप करून ग्रुपवर टाकणार आहोत. गायचं काम त्यांचं. मला सूर नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ बरं येतं. तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर यंदा केकचा तुकडा मागू नका. 'तुमच्या मराठी उपासनेला येऊ का?' एवढंच विचारा.