प्रशिक्षकाच्या वाट्याचे श्रेय

एखादा किशोरवयीन बास्केटबॉलपटू दोन-तीन हंगामांत डोळ्यांत भरण्याइतका सुधारला, की श्रेय प्रशिक्षकाच्या पदरात टाकले जाते आणि तो मागे पडला, तर खापरही प्रशिक्षकाच्याच माथी फुटते. हा हिशेब सोयीचा असला तरी अपुरा आहे, कारण साधारण बारा ते सतरा या वयात खेळाडूचे शरीर वाढत असते, प्रत्यक्ष खेळण्याचा अनुभव साचत असतो आणि शिकवलेले हळूहळू अंगवळणी पडत असते. हे सारे कोर्टवर एकत्रच दिसत असल्याने त्यातला शिकवणीचा भाग नुसत्या डोळ्यांनी वेगळा काढता येत नाही. प्रशिक्षकाचा प्रभाव मोठा असतो, यात शंका नाही. तो बहुतेकदा शोधला जातो भलत्याच ठिकाणी, एवढेच.

पहिला गैरसमज निवडीविषयीचा आहे. जाणत्या प्रशिक्षकाला तेरा-चौदाव्या वर्षीच उद्याचा खेळाडू ओळखता येतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या वयात नजरेत भरते ती बरेचदा गुणवत्ता नसून शरीराची लवकर झालेली वाढ असते. मुलांमध्ये उंची वाढण्याचा वेग सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, पण व्यक्तिगणिक हा टप्पा वर्ष-दोन वर्षे पुढेमागे होतो. त्यामुळे जन्मदाखल्यावर एकाच वर्षाची असलेली दोन मुले जैविक वयाने, म्हणजे शरीराच्या परिपक्वतेच्या टप्प्याने, बरीच वेगळी असू शकतात आणि ज्या खेळात रिंग 3.05 मीटर उंचीवर असते, तिथे हा फरक निवड चाचणीत फार बोलतो.

मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून हाकलून दिले होते, ही लोकप्रिय कथा याच संदर्भात तपासून घेण्याजोगी आहे. 1978 मध्ये अमेरिकेतील विल्मिंग्टन येथील लेनी हायस्कूलच्या मुख्य संघात पंधरा वर्षांच्या जॉर्डनऐवजी त्याचा बराच उंच सोबती लेरॉय स्मिथ घेतला गेला. जॉर्डनला मात्र घरी पाठवले नव्हते, त्याला शाळेच्याच दुय्यम संघात ठेवले होते. मुख्य संघात तो बहुधा बाकावरच बसून राहिला असता आणि दुय्यम संघात त्याला वर्षभर भरपूर खेळायला मिळाले, हे लक्षात घेतले तर ज्या निर्णयाची पुढे थट्टा झाली तो वाढत्या वयाच्या खेळाडूसाठी मुळीच वाईट नव्हता. उंची नंतर वाढली, ती कोणाच्या शिकवण्याने नव्हे. पण ती वाढेपर्यंत मुलगा खेळत राहिला, ही व्यवस्था मात्र प्रशिक्षणातच मोडते.

दुसरा गैरसमज आवाजाशी जोडलेला आहे. कोर्टच्या कडेला सतत ओरडणारा, चुकीला फैलावर घेणारा आणि सामन्याआधी रक्त सळसळवणारे भाषण देणारा प्रशिक्षकच खेळाडू घडवतो, अशी प्रतिमा चित्रपटांनी घट्ट केली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाला 1964 ते 1975 या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे जॉन वुडन सरावात नेमके काय करतात, हे रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974-75 च्या हंगामात पंधरा सरावसत्रांत बसून टिपले. नोंदवलेल्या 2,326 कृतींपैकी सुमारे निम्म्या कृती म्हणजे काय करायचे आणि कसे करायचे, याच्या साध्या, आटोपशीर सूचना होत्या. कौतुकाचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते. खेळाडू चुकला, की वुडन योग्य हालचाल करून दाखवत, लगेच खेळाडूने केलेली चुकीची हालचाल दाखवत आणि पुन्हा योग्य हालचाल दाखवून बाजूला होत. हे सगळे काही सेकंदांत उरकत असे. हंगामाच्या पहिल्याच दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे चढवायचे ते शिकवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टन यांच्यासारखे खेळाडू वुडन यांच्याकडे घडवलेल्या नव्हे, निवडलेल्या अवस्थेत आले होते, त्यामुळे विजेतेपदांची संख्या हा शिकवण्याचा शुद्ध पुरावा ठरत नाही. शिवाय ते विद्यापीठातील तरुण होते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तोच तुटपुंज्या कौतुकाचा खुराक पुरत नाही. या वयाबाबतचा अधिक उपयुक्त पुरावा बेसबॉलमधून मिळतो. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही प्रशिक्षकांना हंगामापूर्वी जेमतेम अडीच तासांचे मार्गदर्शन दिले गेले: प्रयत्नाची दखल घ्यावी, चुकीनंतर धीर द्यावा आणि मगच दुरुस्ती सांगावी. या प्रशिक्षकांचे संघ इतरांपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. पण पुढच्या हंगामात त्यांच्याकडच्या मुलांपैकी फक्त 5 टक्क्यांनी खेळ सोडला, तर इतर प्रशिक्षकांकडच्या मुलांपैकी 26 टक्क्यांनी. जो मुलगा पुढच्या वर्षी मैदानात येतच नाही त्याच्या विकासाची चर्चा तिथेच संपते, आणि गुणफलकावर न दिसणारा हाच परिणाम पालकांनी आधी विचारात घ्यायला हवा.

तिसरा गैरसमज सरावाच्या तासांविषयीचा आहे. दहा हजार तासांच्या सरावाने अव्वल होता येते, या कल्पनेचा बोलबाला 2008 पासून, माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे, सर्वदूर झाला. 2016 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केल्यावर असे आढळले, की खेळाडू-खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे 18 टक्के फरकाचाच उलगडा हेतुपूर्वक केलेल्या सरावाने होतो आणि अव्वल दर्जाच्या खेळाडूंमध्ये तर हा आकडा 1 टक्क्यावर येतो. याचा अर्थ सराव निरुपयोगी आहे असा नाही, तर शिखरावरचे सगळेच खेळाडू भरपूर सराव करत असल्याने त्यांच्यातला फरक निराळ्या गोष्टींनी पडतो. लहानपणापासून फक्त बास्केटबॉलच खेळवण्याचा आग्रहही असाच तपासावा लागतो. 2008 ते 2015 या काळात एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या 237 खेळाडूंच्या अभ्यासात, शालेय वयात एकाहून अधिक खेळ खेळलेल्यांपैकी 25 टक्क्यांना पुढे गंभीर दुखापत झाली, तर एकच खेळ खेळलेल्यांमध्ये हे प्रमाण 43 टक्के होते. पुढे एनबीए गाजवणारा टिम डंकन तर आधी जलतरणपटू होता आणि 1989 च्या चक्रीवादळात सेंट क्रॉय बेटावरचा तलाव उद्ध्वस्त झाल्यानंतर, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, बास्केटबॉलकडे वळला.

कौशल्याच्या बाबतीत मात्र प्रशिक्षकाचा हात खरोखर दिसतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण जर्मनीतील व्युर्झबुर्गचे आहे. डर्क नोवित्स्कीची आई राष्ट्रीय संघातून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलपटू, आणि स्वतः डर्कची उंची पुढे 2.13 मीटर झाली. अशा मुलाला रिंगखाली उभे करून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत येणारा चेंडू, पकडायला लावणे हा तेव्हाचा रिवाज होता. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेले होल्गर गेशविंडनर यांनी तसे न करता त्याला दुरून शूटिंग शिकवले, तेही भूमितीच्या आधारे. रिंगचा आतील व्यास सुमारे 45 सेंटीमीटर आणि चेंडूचा सुमारे 24 सेंटीमीटर असतो. चेंडू क्षितिजाशी 45 अंशांचा कोन करून खाली आला, तर त्याच्या मार्गातून पाहता रिंगचे तोंड जवळपास 32 सेंटीमीटर उघडे मिळते. 30 अंशांनी आला, तर ते साडेबावीस सेंटीमीटरच उरते आणि चेंडू कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. शॉटला चांगली कमान हवी, या जुन्या सल्ल्यामागे इतके साधे गणित आहे. 2011 मध्ये डर्कच्या डॅलस संघाने एनबीएचे विजेतेपद मिळवले, त्यात हीच दुरून मारण्याची कला निर्णायक ठरली.

ही कमान आठ वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांच्या रिंगवर आणि मोठ्यांच्या चेंडूने काढून घेता येत नाही. ताकद पुरत नसल्याने तो चेंडू कमरेपाशी नेतो, दोन्ही हातांनी आणि सगळे अंग मागे झुकवून वर ढकलतो, आणि हीच ढब हाडीमाशी मुरते. शाळेत अंगाने बारीक असलेला स्टीफन करीदेखील चेंडू कमरेच्या पातळीवरून सोडत असे. त्याचे वडील, स्वतः एनबीए खेळलेले डेल करी, यांनी अकरावीपूर्वीच्या उन्हाळ्यात तो शॉट मोडून डोक्यावरून सोडायला शिकवले आणि काही आठवडे मुलाला रिंगच्या अगदी जवळचे शॉट सोडले तर नीट नेम साधेना. लहानांसाठीच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर ठेवतात आणि चेंडूही लहान, पाच क्रमांकाचा असतो. ज्या कोर्टवर रिंग खाली घेण्याची सोय आहे तिथेही ती वर्षभर मोठ्यांच्याच उंचीवर राहत असेल, तर तिथल्या लहान मुलांचा शॉट बिघडवण्यात प्रशिक्षकाचा वाटा किती, हे मोजायला फारसे संशोधन लागत नाही.